पळायला सुरुवात करायचीय, बजेट फक्त एक जोडी बूट. सल्ला हवाय

जिन्यात_धाप :
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ४१, काम पूर्ण खुर्चीतलं, वजन हवं त्यापेक्षा दहा-बारा किलो जास्त. गेल्या महिन्यात लिफ्ट बंद होती म्हणून पाच मजले चढून आलो, मुलीने दार उघडलं आणि मला एक शब्द बोलता येईना, नुसता चौकट धरून उभा. ती घाबरून आईला बोलवायला आत पळाली. डॉक्टरांकडे जाऊन आलो, ईसीजी, बीपी, शुगर सगळं ठीक निघालं, म्हणाले पळायला हरकत नाही पण हळूहळू सुरू करा. हळूहळू म्हणजे नक्की किती हळू ते विचारायचं राहून गेलं.

परवा जुने बूट चढवून रस्त्यावर उतरलो. तीन मिनिटं टिकलो. मग उजव्या बरगडीखाली अशी चमक भरली की वाकूनच उभा राहिलो. कुत्रं फिरवणारे एक आजोबा थांबले, कुत्रंही थांबलं, दोघं मिळून माझ्याकडे बघत होते.

तर ध्येय : न थांबता ५ किमी. किती वेळात ते महत्त्वाचं नाही.
बजेट : एक जोडी बूट, तेही मधल्या फळीतले. घड्याळ, ऍपची वर्गणी, कोच, पट्टे, काही म्हणजे काही नको. बायकोशी तसा करार झालाय, कारण व्यायामाची सायकल घरात आधीच आहे आणि तिच्यावर टॉवेल वाळतात.

बूट कसे निवडायचे? आठवड्यातून किती दिवस पळायचं? आणि या वयात गुडघ्यांचं काय?

बूटवेडा :
सगळ्यात आधी अभिनंदन. आता ते बजेट विसर.
एक जोडी ही कल्पनाच चुकीची आहे मित्रा, फोमला आज पळलं की उद्या सावरायला वेळ लागतो त्यामुळे किमान दोन जोड्या आलटून पालटून वापरायच्या. माझ्याकडे सध्या सात आहेत : दोन रोजच्या, एक लांब पल्ल्याची, एक टेंपोची म्हणजे जरा वेगात पळायची, एक चिखलपाऊस वगैरेची आणि दोन शर्यतीच्या, तळात कार्बन प्लेटवाल्या, त्यातली एक अजून खोक्यातच आहे. टाचेखाली ४० मिमी फोम म्हणजे काय चीज आहे ते पायात घातल्याशिवाय कळत नाही, रस्त्यावरच्या शर्यतीत याच्या वर परवानगीच नाही म्हणजे विचार कर. एकदा घातलेस की साध्या बुटात परत पाय घालवणार नाही.

हळूबाई :
तीन मिनिटांत चमक आली म्हणजे फार जोरात पळालात. शेजारच्याशी अख्खं वाक्य बोलता येईल इतपतच पळायचं. बूट नंतर बघा.

पाचवा_गिअर :
घड्याळ नको म्हणतोस पण खरं सांगू का, बूट नसले तरी चालतील घड्याळ पाहिजे. मनगटावर हार्टरेट दिसत नसेल तर तू अंधारात गाडी चालवतोयस. २२० वजा वय म्हणजे तुझा कमाल हार्टरेट १७९, त्याच्या ६० ते ७० टक्क्यांत राहायचं, याला झोन टू म्हणतात, आणि पावलं मिनिटाला १८० पडलीच पाहिजेत, मेट्रोनोमचं ऍप मिळतं, बीपवर पाय टाकायचा. मी पहिल्या वर्षी अंदाजाने पळलो, वर्ष वाया गेलं. दुसऱ्या वर्षी घड्याळ घेतलं आणि १० किमी ४८ मिनिटांत. सहज सांगितलं, विषय निघाला म्हणून.

चिकित्सक :
@पाचवा_गिअर, दोन्ही मुद्द्यांत गडबड आहे.
१८० चा आकडा आला कुठून? जॅक डॅनियल्स या अमेरिकन प्रशिक्षकाने १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली, जवळजवळ सगळेच १८० च्या वर. ते जगातले सगळ्यात वेगवान लोक, तेही शर्यतीत. नवशिक्याने हळू पळताना तोच आकडा गाठायला गेलं तर बीपच्या मागे धावून दम जाईल. पावलं आखूड ठेवा, पाय शरीराच्या फार पुढे टाकू नका, एवढाच त्यातला घ्यायचा भाग.
दुसरं, २२० वजा वय हे १९७१ सालचं ढोबळ सूत्र आहे. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून सुधारित सूत्र दिलं : २०८ वजा ०.७ गुणिले वय. जुनं सूत्र आता टाकून द्यायला हवं.

काडीपेटी :
४१ वयाला जुन्या सूत्राने १७९ आणि सुधारित सूत्राने १७९.३. धागाकर्त्याने तीन दशांश ठोक्याचं काय करायचं तेही सांगून टाका.

चिकित्सक :
चाळिशीच्या आसपास दोन्ही सूत्रं जुळतात, हा योगायोग आहे. साठीच्या माणसाला फरक पडतो. आणि दोन्ही सूत्रं सरासरीची, एखाद्या माणसाचा खरा आकडा दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज असू शकतो.

पाचवा_गिअर :
म्हणूनच म्हटलं घड्याळ घ्या.

जिन्यात_धाप :
घड्याळ नको हो. करार आहे.

एक_गुडघा :
गुडघ्यांचा विषय काढलात म्हणून लिहितो, बाकीचे लिहिणार नाहीत. पळू नका. चाला. माझा डावा गुडघा गेला तो पळण्यामुळेच. माणसाला गुडघे दोनच मिळतात आणि गॅरंटी नसते. डांबरी रस्ता तर शत्रूच. माझ्या ओळखीत तिघांचे गेले.

काडीपेटी :
काका, मागच्या वर्षी फुटबॉलच्या धाग्यावर तुम्हीच लिहिलं होतंत की टॅकल बसला आणि लिगामेंट तुटलं.

एक_गुडघा :
फुटबॉलमध्ये पळतात की नाही?

पट्टीवाली :
मी फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर गुडघेच बघते, त्यामुळे इथे तरी लिहायचं नाही असं ठरवलं होतं पण राहवत नाही.
पळाल्याने गुडघे झिजतात हे सरसकट खरं नाही. २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात हौशी धावणाऱ्यांमध्ये गुडघा किंवा खुब्याचा संधिवात साधारण ३.५ टक्के लोकांना होता, न पळणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के, आणि व्यावसायिक स्पर्धकांमध्ये १३.३ टक्के. यातही एक मेख आहे, ज्यांचे गुडघे आधीच दुखतात ते पळणं सोडून देतात, त्यामुळे आकडे जरा गोड दिसतात. पण हौसेने पळणाऱ्याने गुडघ्याच्या भीतीने खुर्चीत बसून राहावं असं त्यात काहीही नाही.
नवशिके माझ्याकडे येतात ते वेगळ्याच कारणाने. दम दोन-तीन आठवड्यांत वाढतो, माणसाला वाटतं जमलं, तो अंतर दुप्पट करतो, आणि हाडं-स्नायूबंध मात्र अजून मागेच असतात, त्यांना तयार व्हायला महिने लागतात. मग नडगी दुखते. नडगीच्या आतल्या कडेने लांबच्या लांब पट्ट्यात दुखत असेल तर पळणं कमी करा, बहुतेक वेळा निवळतं. पण एका बोटाने दाबून “इथेच” असं दाखवता येत असेल, किंवा रात्री झोपल्यावरही ठणकत असेल तर पळणं बंद आणि डॉक्टर गाठा, हाडाला बारीक चीर असू शकते. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेखाली कळ येत असेल तर तेही अंगावर काढू नका.
आणि पायरीच्या कडेला चवडे ठेवून टाचा वर-खाली करायच्या, रोज पंधरा-पंधरा वेळा. फुकट आहे, करारात बसतं.

एक_गुडघा :
ठीक आहे, तुम्ही तज्ज्ञ. माझा गुडघा मात्र माझ्याजवळ आहे.

अनवाणी :
बूट हवेतच कशाला? माणूस लाखो वर्षं बुटांशिवाय पळतोय. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी मॅरेथॉन जिंकला, २ तास १५ मिनिटं १६ सेकंद, त्या वेळचा विश्वविक्रम. बजेट शून्य. बूट काढा, टाच आपटणं आपोआप थांबेल, चवड्यावर पडायला लागाल, सगळ्या दुखापतींचं मूळच जाईल.

चिकित्सक :
आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तोच बिकिला बूट घालून पळाला, अपेंडिक्सच्या ऑपरेशनला काही आठवडेच झाले होते, आणि वेळ २:१२:११. पुन्हा विश्वविक्रम. अर्धीच गोष्ट सांगू नये.

काडीपेटी :
म्हणजे अपेंडिक्स काढल्याने तीन मिनिटं वाचतात. धागाकर्ते, नोंद घ्या. हलके घ्या.

अनवाणी :
हसा. प्रामाणिकपणे सांगतो, सुरुवातीला मीही चूक केली होती, एका आठवड्यात एकदम बूट सोडले आणि पावलाच्या मधल्या हाडाला चीर गेली, दोन महिने घरी. पण ती अनवाणी पळण्याची चूक नव्हती, माझी घाई होती.

वाचनमात्र :
दोन महिने घरी बसलात तरी हा सल्ला देताय, दंडवत स्वीकारा.

नखगळती :
बुटांबद्दल खरं कोणी सांगतच नाहीये म्हणून मी सांगते, दोन्ही अंगठ्यांची नखं गमावून शिकलेय.

मी पहिली जोडी घेतली ती नेहमीच्या नंबरची, दुकानात उभी राहिले, मस्त बसली, घेतली. पळताना पाय पुढे सरकतो आणि सुजतोही हे कुणी सांगितलंच नव्हतं. पाचव्या आठवड्यात अंगठ्याचं नख आधी लालसर, मग जांभळं, मग काळं, आणि एक दिवस मोजा काढताना ते मोज्यातच राहिलं. दुखलं नाही, पण मोजा उलटा केल्यावर ते बघून मी ओरडले. तेव्हा : सगळ्यात लांब बोट, म्हणजे अंगठाच असं नाही, माझं दुसरं बोट लांब आहे, त्याच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. बहुतेकांना अर्धा नंबर मोठा लागतो. संध्याकाळी जाऊन घ्यायचे, तेव्हा पाय दिवसभराचा फुगलेला असतो. आपले मोजे घेऊन जायचे, सुती नाहीत, सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि फोड आणतो. दोन्ही पायांत घालून दुकानातच थोडं पळून बघायचं, लाज वाटली तरी. टाच सुटत असेल तर बूट परत द्यायची घाई नको, सगळ्यात वरचं जे एक जास्तीचं भोक असतं ना, जे आपण कधी वापरत नाही, त्याच्यात नाडी त्याच बाजूने परत ओवून छोटा फासा करायचा आणि समोरची नाडी त्या फाशातून काढून आवळायची. टाच जागेवर बसते. मला हे भोक कशासाठी असतं ते पस्तिसाव्या वर्षी कळलं.

मॉडेलच पाहिजे असेल तर आसिक्स क्युम्युलस, ब्रूक्स घोस्ट, नायकी पेगॅसस, सॉकनी राइड, यातलं पायाला जे बरं वाटेल ते. मागच्या वर्षीची आवृत्ती घ्या, फरक मुख्यतः रंगाचा असतो.

बूटवेडा :
फरक रंगाचा असतो??? मधल्या थराचा फोमच बदललाय ताई. बाकी अंगठ्याएवढी जागा हे मी लिहिणारच होतो. आणि धागाकर्त्याने आधी ओल्या पायाचा ठसा घेऊन तळव्याची कमान बघावी, सपाट असेल तर आधार देणारे बूट लागतील.

पट्टीवाली :
ठसा घ्यायला हरकत नाही, फरशी ओली होईल इतकंच. अमेरिकन सैन्यात हजारो नवीन भरतीच्या जवानांवर प्रयोग झालेत, एका गटाला कमानीच्या आकारानुसार बूट दिले, दुसऱ्याला सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींत म्हणावा असा फरक पडला नाही. घातल्यावर आरामदायक वाटतो तो बूट घ्या.

जिन्यात_धाप :
ठसा घेतला. मुलीनेही घेतला, मग तिने बाहुलीचाही घेतला. माझी कमान मधली निघाली म्हणे. जुने बूट तीन वर्षांपूर्वी जिमसाठी घेतले होते, फारसे वापरलेच नाहीत, तळ शाबूत आहे, पुढे अंगठ्याएवढी जागाही आहे. मग हेच चालतील का?

बूटवेडा :
नाही.

नखगळती :
काही दिवस चालतील.

पाचवा_गिअर :
बूट काहीही घाल रे, पण हार्टरेट...

नऊ_आठवडे :
अरे कोणी त्याला पळायचं कसं ते सांगणार आहे का, सगळे बूट आणि घड्याळ करतायत.

काऊच टू ५के बघ. जॉश क्लार्क नावाच्या माणसाने १९९६ मध्ये नवशिक्यांसाठी बनवलेला कार्यक्रम, ९ आठवडे, आठवड्यात ३ दिवस, मधे एकेक दिवस सुट्टी. पहिला आठवडा : ५ मिनिटं झपझप चालायचं, मग ६० सेकंद पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं २० मिनिटं. बस. पुढे पळण्याचे तुकडे वाढत जातात. कोष्टक फुकट मिळतं, फोनचं साधं घड्याळ पुरतं.

मी ४४ व्या वर्षी केला. एकच सांगतो, पाचव्या आठवड्याचा तिसरा दिवस. त्याच आठवड्यातल्या दुसऱ्या दिवसापर्यंत आठ-आठ मिनिटांचे दोन तुकडे असतात आणि तिसऱ्या दिवशी एकदम २० मिनिटं सलग, मधे चालणं नाही. मी तो कागद फ्रिजवर लावला होता आणि आठवडाभर त्या ओळीकडे न बघता दार उघडायचो. पहिल्या खेपेला १३ व्या मिनिटाला थांबलो, बाकावर बसून स्वतःवर चिडलो, मग पाचवा आठवडा पूर्ण परत केला. दुसऱ्या खेपेला २० मिनिटं झाली तेव्हा मी इतका हळू पळत होतो की एक आजी पिशवी घेऊन माझ्या पुढे निघून गेल्या. पण झाली. ९ आठवड्यांचा कार्यक्रम मला १४ आठवडे लागला, आयडी मात्र तोच ठेवला.

पहाटपक्षी :
+१. आणि पहाटेच पळा, साडेचार-पाचला, रस्ता आपला असतो, हवा स्वच्छ, दिवस वेगळाच जातो. संध्याकाळी पळणारे टिकत नाहीत असं माझं निरीक्षण आहे. फूटपाथ नसेल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने पळायचं. इअरफोन घातलाच तर एकाच कानात. पाण्याची बाटली कंबरेच्या पट्ट्यात, दर दहा मिनिटांनी घोट घ्यायचाच.

सावलीतली :
पहाटे साडेचारला “रस्ता आपला असतो” हे वाक्य पुरुषच लिहू शकतो. मी पळते दुपारी जेवणाच्या सुट्टीत, सावलीच्या बाजूने, माणसं दिसतायत अशा रस्त्यावर, आणि सहा वर्षं टिकून आहे, तुमचं निरीक्षण सुधारून घ्या. धागाकर्त्याला लागू नाही पण हा धागा पुढे कोणी बाई शोधून वाचेल तिच्यासाठी लिहून ठेवते : आपलं बजेट एक जोडी बूट असूच शकत नाही. आधी नीट बसणारी स्पोर्ट्स ब्रा, मग बूट. दुकानात घालून उड्या मारून बघायची आणि जिथे जिथे शिवण लागते तिथे पळायच्या आधी व्हॅसलीन. पहिल्या लांब पळण्यानंतर अंघोळीचं पाणी पाठीवर पडलं आणि मी जी किंचाळले ती अजून घरच्यांच्या लक्षात आहे.

वाचनमात्र :
व्हॅसलीनचं पुरुषांनाही लागू आहे. यापेक्षा जास्त लिहीत नाही. पांढरा टीशर्ट घालू नका एवढंच.

चिकित्सक :
पाण्याचं : दर दहा मिनिटांनी “घ्यायचाच” हे चूक. अर्ध्या-पाऊण तासाला बहुतेकांना वाटेत काही प्यावं लागत नाही, तहान लागली तर प्या. जास्त पाणी हाही धोका आहे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीपेक्षा कमी होतं, आणि पळताना वजन वाढलेल्यांमध्ये हे जास्त दिसलं, म्हणजे घामापेक्षा प्यायलेलं जास्त.

पहाटपक्षी :
मी हाफ मॅरेथॉन तीन आणि १० किमी मॅरेथॉन अकरा केल्यात, पट्ट्याशिवाय एकही नाही.

चिकित्सक :
१० किमी मॅरेथॉन असा प्रकार नसतो. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किमी. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकला हे अंतर पळवलं आणि १९२१ मध्ये कायमचं ठरलं. बाकी सगळ्या शर्यती.

पहाटपक्षी :
माझ्या टीशर्टवर मॅरेथॉन छापलंय.

चिकित्सक :
टीशर्ट चुकलाय.

(यानंतर याच विषयावर चौदा प्रतिसाद झालेत, नव्याने येणाऱ्यांनी सोडून दिले तरी चालतील. – काडीपेटी)

सावलीतली :
परत पळण्यावर येऊया का? समोरच्या वाहनांकडे तोंड करून पळणं बरोबरच आहे पण रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. रोज त्याच कडेने पळलं की एक पाय कायम खालच्या अंगाला. माझी एका बाजूची मांडी-गुडघ्याची बाहेरची कड त्यानेच धरली होती. जमेल तिथे सपाट भाग शोधा, नाहीतर मैदानाला फेऱ्या मारा आणि अधूनमधून दिशा उलटी करा.

पाचवा_गिअर :
घड्याळात डावं-उजवं संतुलनही दिसतं.

जिन्यात_धाप :
सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. डोकं मात्र गरगरतंय. हळूबाई, तुमचा वरचा प्रतिसाद मी आज तिसऱ्यांदा वाचला. बोलता येईल इतपत म्हणजे, मी तसं पळायला गेलो तर ते पळणं दिसणारच नाही. लोक बघतात हो.

हळूबाई :
बघू देत. मी ५२ व्या वर्षी सुरू केलं, आता ५७. पहिले दोन महिने मी पळतेय की बस पकडायचं नाटक करतेय ते मलाही कळायचं नाही. आमच्या गल्लीतली मुलं मला विचारायची, मावशी, पाय दुखतोय का. मी दोन वेळा सोडलंही, दोन्ही वेळा कारण एकच, जोरात पळाले, दुखलं, कंटाळा आला. तिसऱ्यांदा ठरवलं की धाप लागली की चालायचं, मग शेजारून कोणी का जाईना. आज सलग तासभर पळते. वेग विचारू नका, चिकित्सक दशांश काढतील.

बरगडीखालच्या चमकेसाठी : चालायला लागा, तिथे हाताने दाबून धरा आणि श्वास हळू, पूर्ण सोडा. पळायच्या आधी दोन तास पोटभर काही खाऊ नका. आणि पहिली पाच मिनिटं नुसतं चाला. बाकी सगळं वर आलंय, मुद्दाम लांबवत नाही.

चिकित्सक :
हळूबाईंशी सहमत. (दशांश काढणार नाही.)

बूटवेडा :
तरी शेवटी बूट कोणते ठरले?

(सात आठवड्यांनी)

जिन्यात_धाप :
धागा वर काढतोय, काय झालं ते सांगणं लागतो.

आठवड्यात तीन दिवस जातो, संध्याकाळी. पहाटेचा प्रयत्न एकदा केला, अलार्म बंद करून झोपलो आणि दिवसभर अपराधी वाटलं, त्यापेक्षा संध्याकाळ बरी. नऊ आठवड्यांचं कोष्टक पहिल्या आठवड्यात जमलं पण फोन सारखा खिशातून काढावा लागायचा म्हणून सोडून दिलं. आमच्या रस्त्यावर दिव्याचे खांब आहेत. एक खांब पळायचं, दोन खांब चालायचं, इथून सुरुवात केली. आता सहा खांब पळतो, एक चालतो. बोलायला सोबत कोणी नव्हतं म्हणून पाढे म्हणत पळतो, एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस. धापेने अडकलो की चालायचं. एकोणिसात मी सहाच्या पुढे गणितानेच अडकतो, तेव्हाही चालतो. चमक एकदाच आली, त्या दिवशी मागून एक कॉलेजचा मुलगा गेला आणि मी त्याच्या मागे लागलो होतो.

तिसऱ्या आठवड्यात डावी नडगी दुखली, बोटाने दाबून बघितलं, एका जागी नव्हती, पट्टाच होता, आठवडाभर नुसता चाललो, गेलं. पट्टीवाली ताई, टाचा वर-खाली रोज करतो, पाचव्या मजल्याच्या शेवटच्या पायरीवर, कारण आता जिनाच वापरतो. ५ किमी सलग अजून झालेलं नाही. त्या आजोबांची मात्र ओळख झाली, कुत्र्याचं वय माझ्यापेक्षा जास्त आहे म्हणतात, कुत्र्यांच्या हिशोबाने.

पाचवा_गिअर :
सहा खांब म्हणजे किती मीटर? अंतर मोजलंयस का?

जिन्यात_धाप :
नाही. मोजायला घेतलं की तुम्ही घड्याळ घ्यायला लावाल.

बूटवेडा :
सगळं छान. बूट???

जिन्यात_धाप :
मी अजून जुन्यांवरच आहे, नखं जागेवर आहेत. झालं असं की दुसऱ्या आठवड्यापासून बायको सोबत यायला लागली, मी पळायचो, ती चालायची, आणि दोघं बरोबरच पोचायचो. तिच्या पायात साध्या चपला, त्या घासून तिच्या टाचेला फोड आला. म्हणून करारातली एक जोडी तिला घेतली. संध्याकाळी गेलो, मोजे नेले, अंगठ्याएवढी जागा बघितली, ती दुकानात पळालीसुद्धा. ते वरचं भोक दुकानदारालाही माहीत नव्हतं, तिनेच त्याला दाखवलं. आता ती पळते आणि मी मागे.

बूटवेडा :
मॉडेल कोणतं घेतलं पण?

जिन्यात_धाप :
विचारलं तिला. जांभळं म्हणाली.